नाचणारीला बोल लावण्याआधी कॅमेऱ्याची जागा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जत्रांचा हंगाम आला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एक विषय हमखास येतो: यात्रेतले नाच, मोबाइलवर फिरणारे त्यांचे व्हिडिओ आणि 'संस्कृती कुठं चालली'. यंदाही तशी पत्रं आली. कुणी नाचणारीला बोल लावला, कुणी यात्रा कमिटीला, कुणी पोलिसांनी परवानगी दिलीच कशी असं विचारलं. व्हिडिओ काढणाऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आम्ही सांगली-मिरजेतली, फोटो काढणं, व्हिडिओ एडिट करणं, फ्लेक्सची डिझाइन करणं आणि चित्रकला शिकवणं या कामांतली मंडळी आहोत. पडद्यावर, फ्लेक्सवर आणि छापील पानावर जी बाई दिसते ती बरीचशी आमच्या धंद्याच्या सवयींनी घडवलेली असते. या सवयी श्लील-अश्लीलच्या वादात सापडत नाहीत. त्या फूटपट्टीनं सापडतात.

यात्रेचंच घेऊ. गावातलं स्टेज जमिनीपासून चार-साडेचार फूट उंच असतं. मोबाइलवाला स्टेजला खेटून उभा राहतो, हात वर करतो, तरी मोबाइल साडेसहा फुटांपलीकडं जात नाही. म्हणजे कॅमेरा नाचणारीच्या गुडघ्याला लागतो. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, ३५ मिमीच्या मापात साधारण २४ ते २६ मिमी. ती इतक्या जवळून वापरली की जवळचं फुगतं आणि लांबचं आकसतं. गुडघा, मांडी, कंबर मोठी येते. चेहरा सगळ्यांत लांब, म्हणून सगळ्यांत लहान. वरून स्टेजचे एलईडी थेट लेन्समध्ये मारतात, मोबाइल आपोआप उजेड कमी करतो आणि होता तेवढा चेहराही काळा पडतो. लावणीतली अदा डोळ्यांत, भुवयांत, मानेच्या झटक्यात आणि बोटांत असते. नेमकं तेच गेलं.

मग येतं उभं क्रॉपिंग. आडवी १६:९ ची चौकट उंची तीच ठेवून ९:१६ ची उभी केली की मूळ रुंदीतली जेमतेम ३२ टक्के उरते. ढोलकीवाला बाहेर, तुणतुणं आणि झांज बाहेर, सोंगाड्या नि मावशी बाहेर. पुढं बसून शिट्टी मारणारा आणि नोट नाचवणारा पुरुषही बाहेर! बघणारा चौकटीत नाही, बघितली जाते ती तेवढी आत. जाब कुणाला विचारायचा, हे पत्र लिहिणाऱ्यांच्या आधी त्या चौकटीनंच ठरवलेलं असतं. वर मूळ आवाज काढून चालू ट्रेंडचं गाणं चिकटवतात. पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. लावणी म्हणजे आधी शब्द, हे या जिल्ह्याला सांगायला नको. शब्द काढा, ताल काढा, चेहरा काढा. मागं राहतं ते नुसतं अंग. मग त्यावर 'नंगानाच' म्हणून मथळा द्यायला आपण मोकळे.

स्टेजवर सगळं सोवळंच चालतं असा आमचा दावा नाही. पण तोच कार्यक्रम नीट टिपता येतो. स्टेजपासून २५ ते ३० फूट मागं ट्रॅक्टरची ट्रॉली लावा, तिच्यावर ट्रायपॉड ठेवा आणि कॅमेरा जमिनीपासून साडेआठ फुटांवर आणा. तो नाचणारीच्या छातीच्या रेषेत येतो आणि खालून बघणं संपतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७०-२०० मिमीची झूम लेन्स असेल तर एवढ्या अंतरावरून ७० ला साधारण १४ फूट रुंदीचं स्टेज मावतं, म्हणजे वादकांसह फड दिसतो. २०० ला कंबरेपासून वरचा भाग आणि चेहरा मिळतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, ऑटोवर सोडू नका, चेहऱ्यावर लॉक करा. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्या. अधूनमधून कॅमेरा वळवून प्रेक्षकही घ्या. हा शेवटचा सल्ला कमिट्यांना फारसा रुचत नाही, कारण पुढच्या रांगेत गावची वजनदार मंडळी बसलेली असतात.

या साऱ्याला अभ्यासाची बैठक आहे. ब्रिटनच्या चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांचा सिनेमावरचा लेख १९७५ साली छापून आला. त्यात त्यांनी तीन नजरा वेगळ्या काढल्या: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडं बघण्याची. पहिल्या दोन प्रेक्षकाला जाणवू दिल्या जात नाहीत, तिसरीच जाणवते. आणि ती बहुधा नायकाची असते. एडिटिंगच्या टेबलावर हे अगदी सरळ दिसतं. पहिल्या शॉटमध्ये तो चौकटीबाहेर बघतो. दुसऱ्यात त्याला काय दिसलं ते. तिसऱ्यात पुन्हा त्याचा चेहरा. मधला शॉट तिचा असला तरी मालकी त्याची. पहिला आणि तिसरा शॉट बदलून तिथं तिचा चेहरा ठेवला, मधे ती ज्याच्याकडं बघते ते ठेवलं, की तोच प्रसंग तिचा होतो. नवीन शूटिंग लागत नाही, मात्र तिचे बघण्याचे शॉट घेऊन ठेवलेले लागतात. तिथंच अडतं. स्थानिक वेबसिरीज आणि गाण्यांच्या व्हिडिओत नायिकेचे 'दिसण्याचे' शॉट ढीगभर असतात, 'बघण्याचा' मागायला गेलं तर एक मिळत नाही.

लग्नाच्या व्हिडिओत हेच जास्त साळसूदपणे होतं. नवरीची ओळख पैंजण, मेंदी, हार, झुमका, ओठ, मिटलेल्या पापण्या अशा तुकड्यांनी होते आणि चेहरा शेवटी येतो. तेही सेकंदाला १२० फ्रेमनं शूट करून सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकलेलं, म्हणजे खऱ्या एका सेकंदाचे जवळजवळ पाच सेकंद. नवरा पहिल्या शॉटपासून पूर्ण माणूस असतो: गॉगल लावून, मित्रांसह चालत येतो, कॅमेरा कंबरेच्या उंचीवरून वर बघतो म्हणून तो आणखी उंच दिसतो. नवरीला सूचना 'मान खाली, आता हळूच वर बघा'. नवऱ्याला सूचना 'चालत या'. अदलाबदल करून पाहा. जो शॉट नवरीसाठी ठरवलाय तो मनातल्या मनात नवऱ्यावर लावायचा. तुमच्या डोळ्यांपुढं नवऱ्याचे ओठ पाच सेकंद आले आणि हसू आलं, तर तो शॉट दागिना किंवा साज दाखवायला नव्हता. मुंडावळ्या बांधतानाचा क्लोजअप मात्र दोघांवरही शोभतो, तो ठेवा. 'गिऱ्हाईकच तसं मागतं' ही आमच्या धंद्यातली लाडकी सबब. गिऱ्हाईक मागतं ते सॅम्पल बघून, आणि सॅम्पल आम्हीच दाखवतो.

ही नजर मोबाइलनं आणलेली नाही. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं आहेत. तिथं जाऊन नुसत्या नजरेच्या दिशा बघा: चित्रातली स्त्री कुणाकडं बघते आणि तिच्याकडं कुठून बघितलं जातंय. पुढं रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवी-नायिकांची तीच ठेवण ओलिओग्राफमधून, म्हणजे तैलचित्रासारख्या छापील रंगीत चित्रांतून, घरोघरच्या भिंतीवर गेली. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज बायका त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा उचलत. फाळक्यांच्या १९१३ च्या पहिल्या चित्रपटात तारामती झाले ते अण्णा साळुंके. म्हणजे बाईनं कसं दिसावं याचा नमुना पुरुषाच्या अंगावर बेतला गेला आणि तो बायकांनी गिरवला. बालगंधर्वांचं गाणं आणि अभिनय यांबद्दल दुमत नाही. पण 'आपल्याकडची शालीन स्त्री' म्हणून आज जिचा दाखला दिला जातो, तीही रंगवलेलीच होती, एवढं ध्यानात असावं.

आता आपल्या पानांकडं येतो. राग मानू नये.

१९८३ मध्ये अमेरिकेत डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी नियतकालिकांतले फोटो मोजले. रीत सोपी आहे. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घ्या. मग टाळूपासून फोटोत शरीराचा जो सर्वांत खालचा भाग दिसतो तिथवरचं अंतर घ्या. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. नुसता चेहरा असेल तर उत्तर १ येतं, उभा पूर्ण माणूस असेल तर ०.१३-०.१४ च्या आसपास. त्यांच्या मोजणीत पुरुषांची सरासरी ०.६५ आणि स्त्रियांची ०.४५ निघाली. पुरुष म्हणजे चेहरा, बाई म्हणजे शरीर, असा हिशोब कुणीही न ठरवता छापून येत होता. याच अभ्यासात दुसरंही दिसलं: एकाच माणसाचा चेहरा फोटोत जास्त जागा घेत असेल, तर लोकांना तो अधिक हुशार आणि महत्त्वाकांक्षी वाटतो.

पट्टी घेऊन कुठलंही स्थानिक पान उघडा. समजा, निवडीच्या बातमीत एका गृहस्थांचा फोटो आहे: चेहरा ४ सेंटिमीटर, पूर्ण फोटोत शरीर ६ सेंटिमीटर. आकडा ०.६७. शेजारी बक्षीस मिळवलेल्या शिक्षिकेचा फोटो आहे, मांडीपर्यंतचा, हातात ट्रॉफी: चेहरा १.५, शरीर ६. आकडा ०.२५. दोघांच्या फोटोला पानावर जागा सारखी, पण ओळखू येईल असा चेहरा एकाचाच. हे मुद्दाम कुणी करत नाही. तालुक्याचा वार्ताहर व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवतो तोच घाईत लावला जातो. पुरुषाचा पासपोर्ट फोटो आधीपासून फाइलला असतो, बाईचा कार्यक्रमातून कापून घ्यावा लागतो, आणि कापताना साडी 'छान दिसतेय' म्हणून कात्री खाली सरकते. उपाय डेस्कवरच आहे. व्यक्तिविशेषाच्या बातमीत सगळ्यांचं क्रॉपिंग छातीपर्यंत ठेवा, डोळ्यांची रेषा वरच्या एक-तृतीयांशावर. फोटो कमी रिझोल्यूशनचा असेल तर चेहरा मोठा करताना फाटतो, म्हणून वार्ताहरानं जागेवरच पाच-सहा फुटांवरून वेगळा चेहऱ्याचा फोटो घ्यावा आणि तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नाहीतर वाटेत तो दाबला जातो.

बाई दिसते, पण नजरेत भरत नाही, असाही एक प्रकार आपल्याकडं फार आहे. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत विरळणी, घडांचं डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), काढणी नि पॅकिंग ही कामं मोठ्या प्रमाणात बायकांच्या टोळ्या करतात. फोटोत बागायतदार पुढं, हातात घड, नाव-गाव-एकर सगळं. मागं टोपी-स्कार्फ बांधलेल्या चार बायका धूसर. फोटोओळ: 'पॅकिंग करताना महिला'. लेन्स ८५ मिमीला आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं ते मोठं) १.८ ला ठेवलं की मागचं विरघळणारच. तो फोटोचा दोष नाही, निवडीचा आहे. ॲपर्चर ५.६ ते ८ ठेवा, दोन पावलं मागं या, बागायतदाराला टोळीच्या ओळीत उभं करा. आणि नावं विचारा. घडात मणी किती ठेवायचे, कुठला काढायचा हे कात्री चालवणाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. एक वाक्य तिचं घेतलं तर बातमी शेतकऱ्याच्याही उपयोगाची होते. जगभरच्या बातम्यांची मोजदाद १९९५ पासून दर पाच वर्षांनी होते. २०२० च्या फेरीत बातमीत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत बायका सुमारे २५ टक्केच होत्या.

यात जात आणि पैसाही आहे. वाड्यातल्या बाईचा फोटो काढायचा तर आधी घरात विचारतात. ऊसतोडीला आलेल्या बाईच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, कॅमेरा थेट उभा राहतो: ती चुलीपुढं, ती मूल पाजताना, ती मोळी डोक्यावर घेऊन वाकलेली. 'कष्टाचं सौंदर्य' म्हणून तो फोटो स्पर्धेत बक्षीसही घेऊन येतो. तिला विचारलेलं नसतं, तिचं नाव नसतं. आमच्यातल्या काही जणांना हा मुद्दा अजून पटत नाही. रस्त्यावरची छायाचित्रकला परवानगीनं मरते असं त्यांचं म्हणणं. आमच्या मते मूल पाजणारी बाई रस्त्यावर नसते, तिच्या घरात असते; घराला भिंत नाही एवढंच.

खेळाच्या फोटोंबद्दल थोडक्यात. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. साताऱ्याच्या अदिती स्वामी त्याच वर्षी १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकारात तिरंदाजीच्या जगज्जेत्या झाल्या. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांचं नाव तर सगळ्यांना ठाऊक. तरी त्यांच्या फलंदाजीपेक्षा 'नॅशनल क्रश' हे शब्द मथळ्यांत जास्त काळ फिरले. कबड्डीत फोटोग्राफर चढाई करणारीच्या मागच्या अंतिम रेषेवर बसला तर त्याला वाकलेली पाठच मिळणार. त्यानं समोरच्या, बचाव करणाऱ्यांच्या मागच्या रेषेवर बसावं: चढाईवालीचा चेहरा, पुढं आलेला हात आणि टचचा क्षण एकत्र मिळतो. दिवसा शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. फ्लडलाइटमध्ये १/६४० आणि ॲपर्चर २.८ ठेवून आयएसओ (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० पर्यंत जाऊ द्या. फोटोत दाणे येतील, येऊ देत. निवडताना पुरुषांच्या सामन्याला पकडीचा क्षण आणि बायकांच्या सामन्याला मिठीचा किंवा रडण्याचा, असं करू नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेनं कॅमेरामननाच सूचना दिल्या होत्या की स्त्री आणि पुरुष खेळाडूंचं चित्रण एकाच पद्धतीनं करा. जागतिक पातळीवर सांगावं लागतं, तर आपल्याला सांगण्यात कमीपणा नाही.

गुन्ह्याच्या बातमीला लागणारं ते ठरावीक रेखाचित्र मात्र आजच्या आज काढून टाका: कोपऱ्यात गुडघ्यात मान घातलेली मुलगी, सुटलेले केस, वर पडलेली हाताची सावली. आरोपी नुसती सावली, आणि लाज पुन्हा मुलीच्या अंगावर. पोलीस ठाण्याचा किंवा न्यायालयाच्या इमारतीचा फोटो पुरतो. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ मनाई करतं. गाव, नातं, शाळा, घराचा फोटो असं तुकड्यातुकड्यानं दिलं तरी ओळख उघड होतेच. वेश्यावस्तीवरच्या छाप्यांच्या फोटोत ओढणीनं तोंड झाकलेल्या बायका रांगेत असतात. गिऱ्हाईक कधीच नसतं. ते त्या वेळी कुठं असतं?

फ्लेक्सवर पट्टी लावायलाच नको, नुसत्या डोळ्यांनी कळतं. सरपंच बाईंच्या वाढदिवसाच्या दहा बाय आठच्या फ्लेक्सवर पतीचा कटआउट त्यांच्या दुप्पट. ते चालताना, फोनवर बोलताना, हात उंचावून. त्या हात जोडून. कारण पतींचे पीएनजी (मागचं कापून काढलेले फोटो) दुकानात तयार असतात, बाईंचा फोटो लग्नाच्या अल्बममधून येतो. त्यांचा ग्रामसभेत बोलतानाचा एक फोटो काढून दुकानात दिला तरी निम्मं काम होतं. रंग उजळण्याचं म्हणाल तर तिथं स्त्री-पुरुष समता पूर्ण आहे, सगळेच गोरे होतात.

मुलींच्या सेल्फीबद्दल बोलताना पालक फिल्टरला दोष देतात. त्याआधी अंतराचा दोष आहे. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असं २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणितानं दाखवलं. म्हणजे आधी लेन्स नाक रुंद करते, मग फिल्टर ते बारीक करतो आणि जाता जाता कातडीही उजळतो. मुलीला वाटतं, खोट आपल्या चेहऱ्यात आहे. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला एकाच मुलाचा आणि एकाच मुलीचा फोटो एक फूट, तीन फूट आणि पाच फुटांवरून काढून शेजारी शेजारी लावा. चेहऱ्याचा आकार तिन्हींत सारखा येईल असं क्रॉप करा, नाहीतर फरक कळणार नाही. अर्ध्या तासाचा धडा आहे.

आपल्याला विनंती आहे ती एका महिन्याच्या मोजणीची. स्थानिक पानावरचे एकट्या व्यक्तीचे फोटो घ्यावेत, समूहाचे सोडावेत. फेटा, टोपी, पदर यांची उंची धरू नये. टाळूचा अंदाज घेऊन मोजावं, नाहीतर फेटेवाल्याचा आकडा फुकट वाढतो. खेळाडूंचे फोटो वेगळ्या वहीत, कारण तिथं पूर्ण शरीर लागतंच, पुरुषाचंही. कबड्डीपटू मुलीची तुलना बँकेच्या अध्यक्षांशी केली तर मोजणीला अर्थ उरत नाही. स्त्री-पुरुषांचे किमान ५०-५० फोटो झाल्याशिवाय सरासरी काढू नये. मोजणाऱ्यानं फोटोओळीत नाव आहे की नाही, तेही शेजारच्या रकान्यात टिपावं. पट्ट्या आम्ही आणतो.

आपले,
छायाचित्रण, व्हिडिओ एडिटिंग, फ्लेक्स डिझाइन आणि कलाशिक्षण या कामांतली काही मंडळी, सांगली-मिरज